अमेरिकेतून आलेली गोळी सासूबाईंना चालेल का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, आम्ही सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे इतके दुखतात की आता खाली देवळातसुद्धा जात नाहीत. सासरे गेल्यापासून मनानंही खचल्यात, वर्षभर एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी चालू आहे. नणंदेनं अमेरिकेहून 'सॅम-ई' आणलंय, नॅचरल आहे, मूड आणि सांधे दोन्हीला चालतं म्हणाली. गोळी मोठी आहे म्हणून सुरीनं अर्धी करून ४ दिवस सकाळी दिली. चालू ठेवू का?

उत्तर: ताई, सॅम-ई आजपासून बंद करा आणि एस्सिटॅलोप्रॅम लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून ४ दिवस काय दिलं ते सांगा. एस्सिटॅलोप्रॅम मात्र स्वतःहून अजिबात बंद करायची नाही. दोन्ही एकत्र घेतल्या तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं, म्हणून खूप घाम, थरथर, ताप, जुलाब, धडधड, एकदम बेचैनी असं काही दिसलं तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

नॅचरल म्हणतात ते खोटं नाही, सॅम-ई आपलं शरीर स्वतःच बनवतं, प्रथिनांतल्या मेथिओनिनपासून, पण म्हणून ती साधी जीवनसत्त्वाची गोळी होत नाही, इटलीत ती १९७०च्या दशकापासून औषध म्हणून वापरात आहे आणि अमेरिकेत मात्र सप्लिमेंट म्हणून दुकानात मिळते, गैरसमज तिथूनच होतो. गुडघ्यांचं म्हणाल तर २००४च्या एका छोट्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम सॅम-ईची सेलेकॉक्सिब या सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळीशी तुलना केली होती, पहिल्या महिन्यात सेलेकॉक्सिब सरस, दुसऱ्या महिन्यात दोन्ही साधारण सारखंच. पण पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा फायदा थोडाच दिसला. बायपोलर हा मूडचा आजार असलेल्यांना आणि पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांना तर ही गोळी मनानं द्यायचीच नाही. आणि हो, गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून वाचवायला असतं, ती कापायची नसते.

मला जास्त काळजी दुसरीच वाटते. सासूबाई शाकाहारी आहेत का, आणि बी-१२ कधी तपासलंय? शरीरात सॅम-ई वापरलं गेलं की त्याचं शेवटी होमोसिस्टीन नावाचं द्रव्य होतं, आणि त्यातून परत मेथिओनिन बनवायला बी-१२ आणि फोलेट लागतं. आपल्या पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं कितीतरी वर्षं हेच दाखवलंय की इथल्या लोकांत बी-१२ फार कमी असतं. ते कमी असलं की थकवा, उदासी, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, असं सगळं होतं आणि घरचे म्हणतात वय झालं. साधी रक्ततपासणी आहे, सोबत थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी-३ पण करून घ्या.

गुडघ्यांसाठी त्यांना खुर्चीत बसवून एक पाय सरळ करून १ ते ५ मोजायला सांगा, मग दुसरा, दिवसातून दोनदा १०-१० वेळा, दुखलं तर कमी. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसून करून घ्या, एकट्या त्या करणार नाहीत. रिपोर्ट आले की कळवा.