लीजची गाडी परत करण्याआधी झिजलेले टायर बदलावेत का?

भाऊ, जळगावहून पुढच्या महिन्यात गाडी परत जाणार आणि पुढचे दोन टायर गुळगुळीत होत आलेत, एवढ्यावरून लगेच चार नवे घेऊ नका. आधी करारातलं टायरचं कलम वाचा. नेहमीच्या वापराची झीज बहुतेक करारांत माफ असते, पण किती मिलिमीटरपर्यंत ते बघा. कायद्याने कारच्या टायरची खाच किमान 1.6 मिमी खोल हवी. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं. त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. चाक पूर्ण वळवून आतली कडही बघा, अलाइनमेंट म्हणजे चाकांचा कोन बिघडला की बऱ्याचदा तीच आधी जाते. रबराला भेगा असतील तर खाच असूनही उपयोग नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात त्या पडू शकतात.

मग लीज कंपनी टायरमागे किती पैसे कापणार ते लेखी विचारा आणि दुकानातल्या भावाशी ताडून बघा. बदलायचेच तर एका ॲक्सलवरचे (म्हणजे पुढचे किंवा मागचे) दोन्ही, त्याच मापाचे, टायर किती वजन आणि वेग पेलतो ते सांगणारा लोड-स्पीडचा कोडही तोच. महागडा ब्रँड कशाला? गाडी तर परत चाललीच आहे. मात्र करारात ब्रँडची अट नाही ना, ते बघा. रीट्रेड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, नकोच. पक्कं बिल घ्या.