तोडलेल्या सागाच्या बुंध्यावर १९७२ चा दुष्काळ सापडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रस्तारुंदीकरणात गावाजवळचा जुना साग तोडला, बुंध्यावरची वर्तुळं तुम्ही मोजली, त्यातली काही रुंद तर काही दोऱ्याइतकी बारीक निघाली. बारीक वर्तुळ म्हणजे दुष्काळाचं वर्ष का? त्यात १९७२ ओळखू येईल का? आणि असंच मागे मागे गेलं तर शिवकाळातले दुष्काळ सापडतील का?

एकट्या झाडावरून यातलं काहीच खात्रीने सांगता येणार नाही. वीस-पंचवीस झाडं मिळाली तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळू शकतात. तिसऱ्याचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे, त्याकडे शेवटी येतो. मी बरीच वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातही लाकडाची रचना हा माझा आवडता भाग. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

आधी हे वर्तुळ म्हणजे काय ते पाहू. झाडून सगळ्या झाडांना नीट वर्षवलयं पडत नाहीत. आंबा, वड, पिंपळ यांच्या ओंडक्यावर वर्तुळासारखं काही दिसलं तरी त्यावर वर्ष म्हणून भरवसा ठेवता येत नाही. साग मात्र उष्ण प्रदेशातला असूनही या बाबतीत शिस्तीचा. उन्हाळ्यात पानं झडली की त्याची वाढ थांबते. वळीव पडून नवी पालवी फुटली की सालीखालचा जिवंत थर पुन्हा कामाला लागतो आणि आधी मोठमोठ्या नळ्यांचं लाकूड तयार करतो. पॉलिश पेपरने घासलेल्या सागाच्या चकतीवर ही बारीक भोकांची रांग नुसत्या डोळ्यांना दिसते. पावसाळा सरत जातो तशा नळ्या लहान आणि लाकूड घट्ट होतं, मग वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा भोकांची रांग. एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत एक वर्ष.

इथपर्यंत सोपं आहे. पण याच सागाचं एखादं वलय बारीक का राहिलं याची निदान पाच-सहा कारणं असू शकतात. पाऊस कमी झाला हे त्यातलं एक. सागाची पानं कुरतडणारी एक अळी असते. ऐन वाढीच्या दिवसांत ती अख्ख्या रानाची पानं चाळणीसारखी करून टाकते, आणि त्या वर्षी पाऊस कितीही चांगला असला तरी झाड लाकूड करणार कशाने? शेजारच्या झाडाची सावली पडली, वणवा लागला, गुराख्यांनी फांद्या छाटल्या, तरी वलय बारीकच होतं. उलट वनखात्याने विरळणी करून आजूबाजूची झाडं काढली की पुढची काही वर्षं वलयं एकदम रुंद होतात आणि नवखा माणूस तो सुकाळ समजतो. भर म्हणजे सागावर आदल्या वर्षाचाही परिणाम असतो. परतीचा पाऊस चांगला झाला, जमिनीत ओल राहिली, तर त्या साठ्यावर पुढच्या वर्षाची सुरुवात जोमाने होते.

मोजण्यातही गफलत होते. पावसाने मध्येच मोठी उघडीप दिली आणि नंतर तो पुन्हा लागला, तर झाड एका वर्षात दोन वलयांचा आभास करतं. फार कडक वर्षी वलय पूर्ण पडतच नाही. बुंध्याच्या एका बाजूला असतं, दुसऱ्या बाजूला निमुळतं होत नाहीसं होतं. म्हणजे बुंध्यावर एका रेषेत मोजलं तर दुष्काळाचं वर्षच गायब! तुम्ही मोजलेल्या आकड्यात दोन-चार वर्षं इकडची तिकडे असतील असं धरून चाला.

मग शास्त्रज्ञ काय करतात? मोजत बसण्यापेक्षा जुळवतात. एकाच भागातल्या वीस-तीस झाडांचे नमुने घ्यायचे. पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंत पेन्सिलीपेक्षाही बारीक, पाच मिलिमीटर जाडीची कांडी काढतात, त्याने झाड मरत नाही. साग कठीण, म्हणून त्याच्या बाबतीत तोडलेल्या झाडांच्या चकत्याही बऱ्याचदा वापरतात. मग प्रत्येक नमुन्यातली अतिबारीक वलयं शोधायची आणि ती सगळ्या झाडांत त्याच अंतराने येतात का ते बघायचं. समजा बारीक, मग पाच वलयांनंतर बारीक, मग बारा वलयांनंतर लागोपाठ दोन बारीक, असा क्रम वीसपैकी अठरा झाडांत सापडला. तो क्रम अळीने किंवा सावलीने आलेला नसतो, सगळ्या परिसरावर एकदम आलेल्या संकटाचा असतो. उरलेल्या दोन झाडांत क्रम एका वर्षाने सरकलेला दिसला, तर त्यांच्यात कुठे वलय हरवलंय किंवा खोटं पडलंय ते नेमकं हाती लागतं. हे जुळवणं केल्याशिवाय कुणी वलयांवरून दुष्काळाचं साल सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही मोठ्या वर्तमानपत्रात छापून आलेला असो.

या पद्धतीचा पाया घातला ए. ई. डग्लस यांनी, आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचं चक्र पृथ्वीच्या हवामानात दिसतं का हे शोधायला ते अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या पाइन वृक्षांकडे वळले. डागांचं राहिलं बाजूला, हातात भलतंच घबाड आलं. त्या कोरड्या प्रदेशात शेकडो वर्षांपूर्वी सोडून दिलेली मूळ रहिवाशांची घरं आहेत आणि त्यांच्या छपराच्या तुळया अजून शाबूत आहेत. डग्लस यांच्याकडे जिवंत झाडांपासून मागे जाणारी एक मालिका होती आणि तुळयांची दुसरी, पण दोन्ही एकमेकींना भिडत नव्हत्या. १९२९ मध्ये शो लो या गावी एक जळकी तुळई सापडली. तिच्यात १२३७ ते १३८० पर्यंतची वलयं होती, आणि तिची दोन टोकं दोन्ही मालिकांना बरोबर जुळली. एका संध्याकाळीत कितीतरी पडक्या घरांना सालं मिळाली. आणि १२७६ ते १२९९ अशी सलग बारीक वलयांची पट्टीही समोर आली. मेसा व्हर्दे इथल्या कड्यांतली घरं लोकांनी सोडली ती याच सुमारास. एकट्या दुष्काळाने सोडली असं आता कुणी म्हणत नाही, भांडणं आणि लढाया होत्याच, पण दुष्काळाला यातून वगळताही येत नाही.

तिथलंच दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या पाणीवाटपाच्या तंट्यांसारखं आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी राज्याराज्यांत वाटून घेण्याचा करार १९२२ मध्ये झाला. नदीत किती पाणी असतं हे ठरवायला मागची थोडीच वर्षं हाताशी होती. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी या दोघांनी वलयांवरून नदीचा कित्येक शतकांचा प्रवाह काढला, तेव्हा कळलं की कराराआधीची वर्षं गेल्या काही शतकांतली सर्वांत ओली होती. म्हणजे नदीत नेहमी नसतंच इतकं पाणी कागदावर वाटलं गेलं. ती राज्यं त्यावर आजही भांडताहेत.

वलयाच्या जाडीवरून पाऊस कसा काढतात तेही सांगतो, कारण शंका तिथेच येते. तरुण झाडाची वलयं मुळातच रुंद, म्हाताऱ्याची बारीक. तो वयाचा उतार आधी गणिताने काढून टाकावा लागतो. मग जिथे प्रत्यक्ष पर्जन्यमापकाच्या नोंदी आहेत तेवढ्या काळापुरता वलयांचा आणि पावसाचा संबंध बसवतात. मात्र नोंदींचा एक भाग मुद्दाम बाजूला ठेवतात आणि बसवलेलं गणित त्या न वापरलेल्या वर्षांचा पाऊस ओळखतं का ते तपासतात. यात नापास झालेलं गणित मागच्या शतकांसाठी वापरायचं नाही. पास झालं तरी ते पावसाच्या चढउताराचा सगळा हिशेब देत नाही. एखाद्या वर्षाचा मिलिमीटरमधला आकडा घट्ट धरून बसू नये. सलग पाच वर्षं ओढ होती की नाही, हे सांगण्यात वलयं जास्त पक्की.

आपल्याकडे या कामाचं एक मोठं ठिकाण पुण्यातच आहे: पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८० च्या दशकात ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांवर काम केलं. देशभराच्या मोसमी पावसाची १८७१ पासूनची सलग मालिकाही याच संस्थेत तयार झाली, त्यामुळे ताडून बघायला आधार घरचाच. पुढे केरळातल्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी राहिली. तिच्यातली बरीच बारीक वलयं देशात पाऊस कमी झालेल्या आणि एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेल्या, वर्षांशी जुळतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत सागाच्या लाकडातला ऑक्सिजन तपासला गेला. जोराचा पाऊस झाला की पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण घटतं आणि त्याची खूण लाकडात राहते. म्हणजे जाडीने दगा दिला तरी दुसरा साक्षीदार आहे.

हिमालयातल्या देवदाराचं मात्र वेगळं. त्याची वाढ मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांतल्या ओलीवर आणि उन्हावर ठरते. त्यामुळे देवदारावरून थेट आपल्या जून-सप्टेंबरच्या पावसाबद्दल बोलणारे लेख वाचले की मी जरा सावरून बसतो.

आता शिवकाळ. २०१० मध्ये एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी मोसमी आशियातल्या तीनशेहून जास्त ठिकाणच्या वलयांवरून दुष्काळांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात वर्षावर्षाचा नकाशा आहे, साधारण १३०० पासून. १७९० च्या दशकातला दुष्काळ त्यात दिसतो, म्हणजे आपल्याकडे कवट्यांचा दुष्काळ म्हणतात तो काळ. १८७६-७८ चाही दिसतो. पण हिमालय, तिबेट, चीन, मंगोलिया आणि आग्नेय आशिया इथून झाडं भरपूर आहेत, दख्खनमधून फार थोडी. म्हणून १६३० च्या दुष्काळाला पुणे-नगरकडे नेमका किती पाऊस झाला असेल, हे त्या नकाशावरून काढायला मी धजणार नाही. त्या दुष्काळासाठी अजून तरी कागदपत्रंच जास्त बोलकी. दुर्गादेवीच्या दुष्काळाचं थोडं बरं आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मोसमी पाऊस वर्षानुवर्षं दुबळा होता हे व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांवरूनही दिसतं आणि छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरूनही. दोन अगदी वेगळे पुरावे एकाच बाजूला बोट दाखवतात. कंबोडियातलं अंकोर हे राजधानीचं जुनं शहर खिळखिळं झालं तेही याच सुमारास.

महाराष्ट्रात अडचण झाडांचीच आहे. जहाजं, रेल्वे, इमारती यांच्यापायी जुना साग केव्हाच गेला. आलापल्लीसारखे काही तुकडे राखले गेले, तेवढेच. पण माझ्या मते एक साठा अजून आपल्या नाकासमोर आहे आणि त्याकडे कुणी फारसं बघत नाही. पुणे, नाशिक, सातारा, वाई इथले जुने वाडे रोज पाडले जाताहेत. त्यांच्या सागवानी तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि तिथून कुणाच्या तरी हॉटेलातली टेबलं होतात. यातल्या अडचणी मला ठाऊक आहेत. सुताराने तासून बाहेरची वलयं काढून टाकलेली असतात, त्यामुळे झाड नक्की कधी तोडलं ते कळत नाही. लाकूड जवळच्या डोंगरातलं की मलबारचं, हे विचारावं लागतं. एकोणिसाव्या शतकातलं असेल तर ब्रह्मदेशचंही असू शकतं. तरी वाडा पाडताना प्रत्येक तुळईची हातभर चकती कापून, वाड्याचं नाव आणि जागा लिहून ठेवायला फार खर्च येत नाही. डग्लस यांची तुळईदेखील दिसायला जळकं लाकूडच होती.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. वलय पाण्याची टंचाई सांगतं, अन्नाची नाही. १८७६-७८ मध्ये पाऊस गेला होता हे झाडं सांगतील, पण लाखो माणसं मेली त्यात धान्य बाहेर पाठवणं चालूच ठेवणाऱ्या सरकारचा वाटा किती, हे कुठल्याही सागात लिहिलेलं नाही. १९७२ मध्येही पाऊस गेलाच होता, पण रोजगाराची कामं निघाली आणि तसे मृत्यू झाले नाहीत. दोन्ही वर्षी वलय कदाचित सारखंच बारीक असेल.

तुमच्या बुंध्याचं म्हणाल तर तोडल्याची तारीख पक्की माहीत आहे, ही मोठी जमेची बाजू. झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडलं असेल तर सालीलगतचं शेवटचं पूर्ण वलय आदल्या पावसाळ्याचं. तिथून आत मोजा, पण एका रेषेत नको, बुंध्याच्या चारही दिशांना. १९७२ म्हणून एकच वलय शोधू नका. महाराष्ट्रात १९७० पासून ओढ होती, त्यामुळे बारीक वलयांचा छोटा गट मिळतो का ते पाहा. त्याच रस्त्यावर आणखी साग तोडले असतील तर त्यांच्यावरही तोच गट तितक्याच अंतरावर आहे का ते बघा. ओंडके वनखात्याच्या ताब्यात असतील, तेव्हा चकती हवी असेल तर आधी त्यांना विचारा. नाहीच मिळाली तर बुंधा पॉलिश पेपरने घासून, पाणी मारून, शेजारी मोजपट्टी ठेवून स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा आणि इथेच टाका. मी बघतो.