ब्रिटिश काळोखात उतरताना

ब्रिटनच्या काळोख्या टीव्ही मालिका बघायच्या तर सगळ्यात आधी सबटायटल्स चालू कर. इंग्रजी येतं म्हणून फुशारकी नको. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरची बोली ऐकून माझीही विकेट पडली होती.

सुरुवात 'ब्रॉडचर्च'पासून कर, पण पहिला सीझनच. आठ भाग. समुद्रकाठचं छोटं गाव, एका मुलाचा खून आणि एकमेकांवर संशय घेणारे शेजारी. तपास करणारी पोलिस झालेल्या ऑलिव्हिया कोलमनच्या चेहऱ्याकडे बघत राहा. पुढचे दोन सीझन नाही पाहिलेस तरी चालेल, असं माझं मत.

मग 'हॅपी व्हॅली'. नाव उपरोधिक आहे. यॉर्कशरमधल्या कॅल्डर खोऱ्यातला अमली पदार्थांचा सुळसुळाट बघून पोलिसांनीच ते पाडलं म्हणे. सॅरा लँकेशरची कॅथरीन ही पन्नाशीकडे झुकलेली सार्जंट, घरी नातू, मनात मेलेली लेक. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनमध्ये सात वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे नातवाचं काम करणारा मुलगाही खरोखरच मोठा झालेला दिसतो. मेकअपने हे जमत नाही. मात्र एका रात्रीत सगळं संपवू नकोस, झोप उडेल.

विनोद हवा? 'इनसाइड नंबर नाइन'. 2014 ते 2024, एकूण 55 भाग, प्रत्येकाची गोष्ट वेगळी, अर्ध्या तासाची. 'अ क्वाएट नाइट इन' आधी बघ: दोन चोर, एक घर, संवाद जवळजवळ नाहीतच. उच्चारांची कटकटच मिटली! 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टिन' मात्र एकट्याने बघ, आणि रुमाल जवळ ठेव.