चाकं बदलू की ब्रेक?

प्रश्न : माझ्या दोन आसनी हलक्या विमानाचे ब्रेक उन्हाळ्यात उतरताना दमतात. मोठी चाकं आणि दोन पिस्टनचे कॅलिपर बसवू का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : भाऊ, निम्मा दोष आपल्या वैशाखाचा. ४४ अंशांत हवा विरळ होते. वेगाच्या काट्यावर आकडा तोच दिसला तरी टेकताना खरा वेग ६-७ टक्के जास्त असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ब्रेकला सुमारे १३ टक्के जास्त उष्णता गिळावी लागते. तेव्हा आधी जाड डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, बघा. कॅलिपर म्हणजे ती चकती आवळणारा चिमटा; दोन पिस्टनने त्याची पकड वाढेल, उष्णता जिरणार नाही. आणि चाक मोठं केलंत, डिस्क तीच ठेवलीत, तर ब्रेकचा जोर उलट घटतो. शेतातल्या खडबडीत पट्टीवर उतरत असाल तर मोठ्या चाकाची गोष्ट वेगळी.

ब्रेकच्या तेलाचं मात्र सांभाळा. लाल खनिज तेलाच्या सिस्टीममध्ये मोटारीचं डॉट-४ ब्रेक-तेल ओतलेलं मी धुळ्यात पाहिलंय. सील फुगून पिस्टन अडकला होता. ते ओतणारं पोरगं म्हणे, ‘तेल तेलच ना!’

निर्मात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पान्याला हात लावू नका. नवे पॅड विमान जमिनीवर चालवताना (टॅक्सी करताना) ब्रेक दाबून तापवा, पूर्ण निवू द्या, मगच उडा.