नाचणीची वर्षभराची पोती एकदम घ्यावीत का?

साताऱ्याच्या एका वाचक भगिनी घरी नाचणीसत्त्व तयार करून विकतात. त्यांना महिन्याला एक क्विंटल नाचणी लागते. पाटणकडील एक शेतकरी डिसेंबरमध्ये ५० रुपये किलोने वर्षाची बारा क्विंटल नाचणी द्यायला तयार आहे. त्यांच्या नोंदींप्रमाणे मार्चपासून भाव ५२ आणि जूनपासून ५८ रुपये होतो. धंद्याच्या खात्यात ४५,००० रुपये आहेत. ८०,००० रुपयांची मुदत ठेव हीच घरची एकमेव शिल्लक आहे. ठेव मोडावी, की १२ टक्के व्याजाने सोने तारण ठेवून ६०,००० रुपये उभे करावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, दोन्ही करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, त्यामुळे ५० रुपये हा दर शेतकऱ्यालाही न्याय देणारा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो पैसा किती दिवस पोत्यांत अडकून राहील याचा. दरमहा खरेदी केली तर तुमच्याच भावांनी वर्षाचा खर्च ६५,४०० रुपये होतो आणि एकदम घेतली तर ६०,०००, म्हणजे बचत ५,४०० रुपयांची. सोनेतारण कर्ज वर्षाअखेरीस एकरकमी फेडायचे झाल्यास व्याजच ७,२०० रुपये होईल. ठेव मोडली तर व्याजाचे नुकसान कमी असेल, पण घरात कोणी आजारी पडले तर त्या दिवशी पोती विकून दवाखान्याचे बिल भरता येणार नाही. ही ठेव धंद्यासाठी नाहीच, असे समजून चालावे.

शिवाय, डिसेंबर ते मे या काळात वापरल्या जाणाऱ्या नाचणीवर आधी खरेदी केल्याने फारसे काही वाचत नाही. खरी बचत जूनपासूनच्या सहा क्विंटलांवर आहे. ती नाचणी पावसाळ्यापूर्वी घरात आली म्हणजे पुरे, त्यासाठी डिसेंबरपासून पैसे गुंतवण्याची गरज नाही. म्हणून आता मेपर्यंत पुरणारी सहा क्विंटल ३०,००० रुपयांत घ्या. खात्यात १५,००० रुपये राहतील. दरमहा नाचणीसाठी जाणारे ५,००० रुपये विक्रीतून बाजूला काढत गेलात तर एप्रिलअखेर २५,००० रुपये जमतील. उरलेली सहा क्विंटल ५२ रुपयांनी घेण्यास ३१,२०० रुपये लागतील, म्हणजे खात्यातून फक्त ६,२०० रुपये काढावे लागतील. वर्षाचा खर्च ६१,२०० रुपये होईल आणि एक पैसा कर्ज न काढता ४,२०० रुपये वाचतील. शेतकऱ्याने माल दुसऱ्याला देऊ नये म्हणून थोडा विसार द्या आणि दर, वजन व तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

साठवणुकीचा विचार मी हिशेबाइतकाच महत्त्वाचा मानतो, कारण सत्त्वासाठी लागणारी नाचणी जिवंत, मोड येणारी असावी लागते. मोड येताना तयार होणाऱ्या विकरांमुळेच सत्त्वाची पेज पातळ आणि पचायला हलकी होते. ओल धरलेल्या पोत्यातील दाणा भाकरीला कदाचित चालेल, पण त्याला मोड धड येणार नाहीत आणि तो तोटा भावाच्या हिशेबात दिसत नाही. प्रत्येक खेपेला शंभर दाणे ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस बांधून ठेवा. नव्वदच्या आसपास दाण्यांना मोड आले तरच पूर्ण दर द्या. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने माणसे दगावतात. नाचणी नीट वाळवलेली असेल तर तिला कीड सहसा लागत नाही, म्हणून एप्रिलची खेप पोत्यांत भरण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात पसरून घ्या.