टोपोआयसोमरेज डीएनए तोडतं, तरी पेशी जगते कशी?

प्रश्न चांगला आहे: टोपोआयसोमरेज हे डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम त्याचे दोन्ही पेड तोडतं, मग पेशी मरत का नाही? आणि पुस्तकात ‘आकार बदलून काम करते’ एवढंच लिहून मोकळे होतात, तर नेमकं होतं काय?

मुळात गरज का, ते आधी. डीएनएची नक्कल करताना एकमेकांभोवती पिळलेले दोन्ही पेड वेगळे व्हावे लागतात. ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए म्हणजे सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचं (पेडांना जोडणाऱ्या पायऱ्यांचं) बंद कडं. साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा, म्हणजे चार लाखांहून जास्त वेढे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर मोकळं टोकच नाही, त्यामुळे कुठेतरी कापल्याशिवाय पीळ निघणं अशक्य.

पण ‘तोडतं’ या शब्दानेच घोळ होतो. या एन्झाइमचे दोन प्रकार: टाइप १ एक पेड कापतं, टाइप २ दोन्ही. टाइप २ घ्या, मला तेच जास्त आवडतं. त्याचे दोन जुळे भाग असतात. प्रत्येकातलं एक टायरोसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) एकेक पेड कापतं आणि तुटलेलं टोक स्वतःलाच चिकटवून घेतं. टोक वाऱ्यावर कधी सुटतच नाही. तुटलेल्या बंधातली ऊर्जाही या नव्या बंधात टिकते, म्हणून परत सांधायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन, लागत नाही.

मग एटीपी जातं कुठे? दारं हलवायला. अशी तीन दारं आहेत. मधल्या दारात डीएनएचा एक भाग वाकवून आडवा धरलेला असतो. दोन एटीपी येऊन बसले की वरचे दोन हात मिटतात आणि डीएनएचा दुसरा भाग आत कोंडला जातो. आता मधलं दार फाकतं. टोकं दोन्ही फळ्यांना चिकटलेली, त्यामुळे डीएनएही सोबत उघडतो. फट निदान २ नॅनोमीटर हवी, डीएनएची जाडीच तेवढी आहे. कोंडलेला भाग त्यातून खाली उतरतो, मधलं दार मिटतं, काप सांधला जातो आणि मग खालच्या दाराने तो बाहेर. एटीपी खर्ची पडलं की वरचे हात पुन्हा मोकळे. फुलपाखरू उद्यानाच्या दुहेरी दारांसारखंच: एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तिन्ही एकदम उघडली तर जुळे भागच सुटे होतील, आणि त्यांना चिकटलेला डीएनएसुद्धा.

हे नुसतं चित्र नाही. एकाच वेढेसंख्येचा गोल डीएनए घेऊन, त्यावर एन्झाइम चालवून, तो जेलवर (वेढ्यांप्रमाणे रेणू वेगळे करणाऱ्या थरावर) चालवला की टाइप २ मुळे वेढे दोन-दोनच्या टप्प्याने बदललेले दिसतात. दुपेडी भाग दुपेडी फटीतून गेला तरच असं होतं. टाइप १ एकच पेड कापतं, तिथे ही दोनाची अट नाही.

आता तुमच्या शंकेतला खरा भाग. कापलेल्या अवस्थेतच एन्झाइम अडकलं तर पेशी खरंच मरते! सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जिवाणूंच्या गायरेजला (त्यांच्या एका टाइप २ ला) तसंच अडकवतं, एटोपोसाइड हे कर्करोगावरचं औषध आपल्या टाइप २ ला. टाइप १ ला अडकवणारं, कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि त्यापायीच ही झाडं जंगलातून बेसुमार तोडली गेली.