परभणीच्या माझ्या भावाला ब्लड कॅन्सर आहे. माझा रक्तगट त्याच्याशी जुळतो, तरी डॉक्टर म्हणतात स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) जुळत नाहीत. असं कसं?

ताई, इथे रक्तगट दुय्यम असतो. तो वेगळा असला तरी प्रत्यारोपण होतं आणि पुढे रुग्णाचा रक्तगटच दात्यासारखा होतो. जुळावी लागते ती एचएलए जनुकं. ती सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि पेशी आपली की परकी, हे प्रतिकारशक्ती त्यांच्यावरूनच ओळखते. जुळणी कमी असेल तर दात्याच्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर हल्ला करतात (याला जीव्हीएचडी म्हणतात). पण याच पेशी उरलेला कॅन्सरही मारतात, म्हणून त्यांना पूर्ण दाबूनही चालत नाही.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. तुमचं जुळलं नाही यात तुमचा काही दोष नाही, मनाला लावून घेऊ नका. बाकीच्या भावंडांची तपासणी करा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. तुमच्या घरात तसं नातं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मग घरातली जनुकं सारखी असल्याने चुलत-मामेभावंडांतही दाता मिळू शकतो. आई, वडील, मुलं निम्मी जुळतातच. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन आता अशी अर्धजुळणीची प्रत्यारोपणंही होतात. दात्री या स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीतही शोध घ्यायला सांगा.